एक आवार, दोन महाविद्यालये आणि सामाईक खर्चाचा प्रश्न

शिक्षणसंस्थेच्या इतिहासात कोनशिलेची नोंद सर्वांत ठळक असते. इमारत कोणी बांधून दिली, उद्घाटन कोणाच्या हस्ते आणि कोणत्या साली झाले, हे संगमरवरी पाटीवर कोरलेले असते. त्याच इमारतीच्या छताची गळती कोणी काढली, विहिरीवरील मोटार जळाली तेव्हा तिचे वाइंडिंग कोणत्या खात्यातून झाले, रात्री आवाराची राखण करणाऱ्या पहारेकऱ्याचा पगार कोणी दिला, याची नोंद मात्र कीर्दवहीच्या पानांतच राहते. आवारात एकच संस्था असेल तर ही नोंद ठेवणे तुलनेने सोपे असते. एका आवारात दोन विद्यालये किंवा दोन महाविद्यालये नांदू लागली, की प्रत्येक बिलासोबत एक प्रश्न उभा राहतो : हा खर्च कोणाचा?

हा विषय स्मरणिकेसाठी निवडण्यास कारण आहे. आपल्या निवासी शाळेच्या आवारात कनिष्ठ महाविद्यालय सुरू व्हावे, अशी मागणी पालकांकडून वारंवार येत आहे. दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलीला पुढील शिक्षणासाठी दूरच्या शहरात खोली घेऊन ठेवणे अनेक पालकांना परवडत नाही. आणि परवडले तरी मन धजत नाही. ओळखीचे वसतिगृह, ओळखीचे शिक्षक आणि ओळखीचे आवार असेल तर तिचे शिक्षण थांबणार नाही. ही मागणी न्याय्य आहे आणि आमचा तिला पाठिंबा आहे. परंतु दुसरी संस्था उभी राहण्यापूर्वीच काय सामाईक राहणार आणि त्याचा भार कसा वाटला जाणार, हे ठरले पाहिजे. इतिहासाचे अभ्यासक या नात्याने आम्ही येथे जुने दाखले मांडत आहोत. त्यांतील सर्वांत जवळचा दाखला आपल्याच मराठवाड्यातील आहे.

सिद्धार्थ आणि मिलिंद

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. पुढील वर्षी, २० जून १९४६ रोजी, मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. मुंबईत जागा ही सर्वांत महाग वस्तू होती. दिवसा कचेरीत वा गिरणीत काम करणाऱ्या तरुणाला शिकता यावे, म्हणून या महाविद्यालयाचे वर्ग सकाळच्या वेळी भरत. त्यामुळे नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याची सोय झाली. शिवाय जी इमारत सकाळी महाविद्यालय असते, ती उरलेल्या दिवसात दुसऱ्या उपयोगाला मोकळी राहते, हा लाभही त्यातून होत होता. १९५३ मध्ये वाणिज्य आणि १९५६ मध्ये विधी महाविद्यालय त्याच सोसायटीने उभे केले. फोर्ट विभागातील बुद्ध भवन आणि आनंद भवन या इमारती सिद्धार्थ परिवाराची ओळख बनल्या. मुंबईत जमीन वाढविता येत नव्हती. म्हणून जागा आणि वेळ यांची वाटणी करावी लागली.

मराठवाड्यातील परिस्थिती वेगळी होती. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत होता. उच्च शिक्षणासाठी हैदराबाद गाठावे लागे आणि तेथील उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणमाध्यम उर्दू होते. परभणी, जिंतूर, हिंगोलीच्या खेड्यांतील अस्पृश्य समाजाच्या मुलाला पदवीचे शिक्षण म्हणजे ऐकीव गोष्ट होती. अशा वेळी १९ जून १९५० रोजी बाबासाहेबांच्या सोसायटीने औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. पुढे हेच मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. राजा मिलिंदाने प्रश्न विचारावेत आणि भिक्खू नागसेनांनी त्यांची उत्तरे द्यावीत, या प्राचीन संवादाची स्मृती महाविद्यालयाच्या नावात आणि 'नागसेनवन' या परिसराच्या नावात एकत्र जपली गेली.

येथे मुंबईच्या उलट रचना झाली. जागा विस्तीर्ण होती. म्हणून महाविद्यालय, वसतिगृहे, क्रीडांगण आणि पुढे शाळा अशी एकेक संस्था त्याच भूमीवर उभी राहू शकली. आरंभी कला आणि विज्ञान या दोन्ही शाखा एकाच महाविद्यालयात होत्या. १९६३ मध्ये तिचे विभाजन होऊन मिलिंद कला महाविद्यालय आणि मिलिंद विज्ञान महाविद्यालय अशी दोन स्वतंत्र महाविद्यालये झाली. पालक संस्था एक, आवार एक, महाविद्यालये दोन. आमच्या विषयाचा नमुना हाच आहे.

विभाजनात काय वाटले जाते आणि काय राहते

एका महाविद्यालयाची दोन झाली म्हणजे कागदोपत्री काय घडते, हे सर्वसामान्य पालकाला सहसा ठाऊक नसते. प्रत्येक महाविद्यालयाला स्वतःचा प्राचार्य मिळतो. विद्यापीठाची संलग्नता स्वतंत्र होते. प्राध्यापक व कर्मचाऱ्यांची पदे स्वतंत्रपणे मंजूर होतात आणि अनुदानित पदांचे वेतन शासनाकडून त्या त्या महाविद्यालयाच्या नावे येते. हजेरीपट, शुल्कवही, बँकेतील खाते आणि लेखापरीक्षण ही सारी वेगळी होतात. टेबले, खुर्च्या, सूक्ष्मदर्शक, नकाशे यांची यादी करून ती वाटता येतात.

परंतु जमीन वाटली जात नाही. ती पालक संस्थेची असते. विहीर, जलवाहिनी, आतील रस्ते, कुंपण, प्रवेशद्वार, झाडे, क्रीडांगण आणि सभागृह हेही वाटता येत नाही. क्रीडांगणाच्या मधोमध चुन्याची रेघ ओढून अर्धे कलेचे आणि अर्धे विज्ञानाचे केले, तर दोघांनाही कबड्डीपुरतीच जागा उरेल.

अडचण येथूनच सुरू होते. शासकीय अनुदानाची व्यवस्था महाविद्यालय हे एकक धरून चालते. त्यातील फार मोठा भाग वेतनाचा असतो. वेतनेतर खर्चासाठी जे मिळते ते तुटपुंजे आणि तेही त्या त्या महाविद्यालयाच्या हिशेबात बसणारे असते. दोन महाविद्यालयांमधून जाणाऱ्या रस्त्यासाठी किंवा दोघांच्या सामाईक कुंपणासाठी अनुदानाचे शीर्षक नसते. अशा वेळी एक प्राचार्य म्हणतो, रस्ता संस्थेचा आहे. संस्था म्हणते, वापर महाविद्यालयांचा आहे. दुसरा प्राचार्य म्हणतो, आमचे विद्यार्थी तर मागच्या दाराने येतात. तिघांचेही म्हणणे आपापल्या कागदांप्रमाणे बरोबर असते आणि खड्डा तसाच राहतो.

मूल्यमापनातही हाच पेच येतो. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेकडे म्हणजे 'नॅक'कडे प्रत्येक महाविद्यालय आपला अहवाल स्वतंत्रपणे सादर करते. ग्रंथालय कोणाचे, वाचनकक्ष किती, क्रीडांगण कोणते, हे प्रत्येकाला आपल्या नावे दाखवावे लागते. त्यामुळे जे एकत्र ठेवणे शहाणपणाचे असते, तेही वेगळे करण्याचा मोह होतो. दोन छोटी ग्रंथालये उभी राहतात, दोन्हींत तेच शब्दकोश घेतले जातात आणि महत्त्वाचा संदर्भग्रंथ मात्र कोणाच्याच अंदाजपत्रकात बसत नाही.

तरीही एकत्र राहण्याचा लाभ मोठा आहे. नागसेनवनात विज्ञानाचा विद्यार्थी आणि कलेचा विद्यार्थी एकाच परिसरात राहिले, एकाच व्यासपीठावर बोलले. दलित साहित्याच्या चळवळीला बळ देणारे 'अस्मितादर्श' हे नियतकालिक डॉ. गंगाधर पानतावणे यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात या परिसरातील वाङ्मयीन वातावरणातूनच उभे केले. प्राचार्य म. भि. चिटणीस आणि प्राचार्य डॉ. म. ना. वानखेडे यांच्यासारख्या माणसांचा प्रभाव एका शाखेपुरता मर्यादित राहिला नाही. हा लाभ ताळेबंदात दिसत नाही, परंतु सामाईक आवार टिकवण्याचे ते सर्वांत मोठे कारण आहे.

तालुक्याच्या गावातील रूप

आपल्याकडे या प्रश्नाचे सर्वांत परिचित रूप वेगळेच आहे. महाराष्ट्रात १०+२+३ हा आकृतिबंध १९७० च्या दशकात लागू झाला आणि अकरावी-बारावीचे वर्ग म्हणजे कनिष्ठ महाविद्यालय अस्तित्वात आले. बहुतेक ठिकाणी हे वर्ग एक तर माध्यमिक शाळेला जोडले गेले, नाही तर वरिष्ठ महाविद्यालयाला. जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावी एकाच फाटकातून आत गेले की सकाळी एक महाविद्यालय आणि दुपारी दुसरे, असे चित्र दिसते. लोक त्याला एकच कॉलेज समजतात.

प्रशासनाच्या दृष्टीने मात्र ती दोन घरे असतात. बारावीची परीक्षा छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय मंडळाकडे. पदवीची परीक्षा १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे. कनिष्ठचा कारभार माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण संचालनालयाच्या कक्षेत, वरिष्ठचा उच्च शिक्षण संचालनालयाच्या कक्षेत. प्रयोगशाळेतील एकच गॅसची टाकी सकाळी एका संचालनालयाची आणि दुपारी दुसऱ्याची होते. ती संपली की कोणी भरावी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण प्रात्यक्षिके त्यावरच अडतात आणि नुकसान होते ते विद्यार्थ्याचे.

पाण्याचे उदाहरण तर आपल्या अंगवळणी पडलेले आहे. पूर्णा नदीवरील येलदरी धरण आपल्याच तालुक्यात असले, तरी उन्हाळ्यात गावोगावी पाण्याची ओढाताण होते. वसतिगृह असलेल्या आवारात टँकर आणावा लागला, तर तो वसतिगृहासाठी आला की महाविद्यालयासाठी, हे टाकीत पडलेले पाणी सांगत नाही. नोंदवहीनेच ते सांगितले पाहिजे.

खर्चाचे चार प्रकार

सामाईक खर्चाची वाटणी कशी करावी? बहुतेक ठिकाणी पहिली सूचना येते ती 'विद्यार्थीसंख्येप्रमाणे करा' अशी. ऐकायला ती न्याय्य वाटते. ती नेहमीच न्याय्य असते असे नाही, हे एका काल्पनिक उदाहरणाने दाखवता येईल.

समजा, एका आवारात कला महाविद्यालयात ९०० आणि विज्ञान महाविद्यालयात ६०० विद्यार्थी आहेत. वर्षाचा सामाईक खर्च १२ लाख रुपये आहे. केवळ डोकी मोजली तर प्रमाण ६० : ४० येते. कला महाविद्यालयाने ७ लाख २० हजार आणि विज्ञान महाविद्यालयाने ४ लाख ८० हजार द्यावेत, असे उत्तर निघते.

आता तोच खर्च त्याच्या स्वरूपाप्रमाणे चार भागांत मांडू.

पहिला भाग, पहारा, कुंपण आणि बाहेरील स्वच्छता : ३ लाख. विद्यार्थी दहा असोत की हजार, पहारेकरी एकच लागतो. हा खर्च दोघांनी समान उचलावा. प्रत्येकी दीड लाख.

दुसरा भाग, इमारतींची डागडुजी आणि रंगरंगोटी : ४ लाख. हा खर्च वापरातील चटईक्षेत्राप्रमाणे वाटावा. प्रयोगशाळांमुळे विज्ञानाकडे ६० टक्के क्षेत्र आहे असे धरू. विज्ञान २ लाख ४० हजार, कला १ लाख ६० हजार.

तिसरा भाग, ग्रंथालय आणि क्रीडांगण : ३ लाख. यांचा वापर विद्यार्थी करतात. म्हणून येथे विद्यार्थीसंख्या हेच योग्य माप. कला १ लाख ८० हजार, विज्ञान १ लाख २० हजार.

चौथा भाग, वीज आणि पाणी : २ लाख. येथे अंदाज नको, उपमीटर हवा. मीटरप्रमाणे विज्ञानाचा वापर ७० टक्के निघाला असे समजू. विज्ञान १ लाख ४० हजार, कला ६० हजार.

बेरीज केली तर कला महाविद्यालयाचा वाटा ५ लाख ५० हजार आणि विज्ञान महाविद्यालयाचा ६ लाख ५० हजार होतो. पहिल्या पद्धतीने कला महाविद्यालयाकडून १ लाख ७० हजार रुपये अधिक घेतले जात होते. कला शाखेत शिकणारी मुले बहुधा अधिक गरीब घरांतून येतात, हे आपण सर्व जाणतो. म्हणजे मजुराच्या मुलाच्या शुल्कातून प्रयोगशाळेचे वीजबिल भरले जात होते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नव्हते. विज्ञानाला मदत करू नये असे आम्ही म्हणत नाही. मदत करायची तर ती जाणूनबुजून, ठराव करून आणि नोंद ठेवून करावी; हिशेबाच्या आडून ती होऊ नये.

या चार भागांत एक पाचवी बाब जोडली पाहिजे, ती म्हणजे राखीव निधी. छत दरवर्षी गळत नाही, पण कधी तरी गळतेच. दरवर्षी ठरावीक रक्कम बाजूला टाकली नाही, तर त्या वर्षी वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन गावोगाव फिरण्याची वेळ येते.

आणखी एक अडचण आपल्या संस्थांना विशेष जाणवते. आपले बहुसंख्य विद्यार्थी शिष्यवृत्ती आणि शुल्कमाफीवर शिकतात. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. या शिष्यवृत्तीने कित्येक पिढ्या शिकल्या. परंतु तिची रक्कम पुष्कळदा वर्ष सरता सरता किंवा त्यानंतर हाती येते. वीजबिल मात्र दर महिन्याला येते. ज्या महाविद्यालयात शुल्क भरू शकणारे विद्यार्थी अधिक, त्याच्या हाती पैसा आधी येतो. ज्यात शिष्यवृत्तीधारक अधिक, त्याचा वाटा थकतो. मग 'तुमच्यामुळे दिवे बंद झाले' असे बोल लागतात. वाटणीच्या नियमात शिष्यवृत्तीची रक्कम येईपर्यंत थांबण्याची मुदत आधीच लिहिलेली असली, तर ही मानहानी टळते.

विनयपिटकातील आणि लेण्यांतील व्यवस्था

सामाईक मालमत्ता सांभाळण्याचा प्रश्न भारताला नवा नाही. भिक्खू संघाने त्यावर अडीच हजार वर्षांपूर्वी विचार केला होता. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात, सेनासनक्खन्धक या प्रकरणात, संघाच्या पाच प्रकारच्या वस्तू 'अविस्सज्जिय' म्हणजे कोणालाही देऊन टाकता न येणाऱ्या आणि 'अवेभंगिय' म्हणजे वाटून घेता न येणाऱ्या सांगितल्या आहेत. आराम आणि त्याची जागा. विहार आणि त्याची जागा. मंच, आसने व गाद्या. धातूची भांडी आणि कुऱ्हाड-कुदळीसारखी अवजारे. आणि वेली, बांबू, गवत, माती, लाकडी व मातीचे सामान. ही वस्तू एका भिक्खूला, एखाद्या गटाला, किंबहुना एका ठिकाणच्या संपूर्ण संघालाही वाटून टाकता येत नाही; कारण ती आलेल्या आणि पुढे येणाऱ्या, चारही दिशांच्या संघाची असते.

निवासाची जागा नेमून देणारा, भोजनाची व्यवस्था पाहणारा, भांडार सांभाळणारा असे अधिकारी संघ एकमताने नेमत असे. त्यांची पात्रताही सांगितलेली आहे. जो आवडीनिवडीने, द्वेषाने, मोहाने वा भयाने वागत नाही आणि काय दिले गेले व काय दिले गेले नाही हे ज्याला ठाऊक असते, त्यालाच नेमावे. यातील पहिल्या चार अटी चारित्र्याच्या आहेत; पाचवी अट शुद्ध नोंदवहीची आहे. निव्वळ प्रामाणिकपणा पुरेसा मानलेला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

पैशाच्या बाजूचा दाखला आपल्या महाराष्ट्रातच, नाशिकच्या लेण्यांत कोरलेला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने लेणे दान दिले आणि तेवढ्यावर तो थांबला नाही. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापण ठेव म्हणून ठेवले. २००० एका श्रेणीकडे शेकडा एक व्याजाने, १००० दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, केवळ व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावासास राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळावेत, अशी योजना होती. अशा ठेवीला 'अक्षयनीवि' म्हणत. वास्तू देणाऱ्याने वास्तूतील माणसांच्या वार्षिक खर्चाचीही तरतूद केली पाहिजे, हे त्या शिलालेखातून स्पष्ट होते. नालंदेच्या उत्खननात तर संपूर्ण महाविहाराच्या संघाची मुद्रा आणि स्वतंत्र विहारांच्या मुद्रा अशा दोन्ही सापडल्या आहेत. प्रत्येक विहाराची ओळख वेगळी आणि सर्वांची मिळून एक, असा याचा अर्थ लावता येतो.

हे केवळ गौरवासाठी सांगत नाही. आजच्या कायद्यातही हाच विचार आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार विश्वस्त संस्थेची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. विश्वस्त हे मालक नसून राखणदार आहेत, हे दोन्हींचे सार आहे.

इतरत्र काय झाले

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात क्लेअरमाँट नावाचे एक लहान गाव आहे. तेथील पोमोना महाविद्यालय १८८७ मध्ये स्थापन झाले. १९२० च्या दशकात विद्यार्थी वाढू लागले, तेव्हा एक अवाढव्य विद्यापीठ करण्याऐवजी लहान लहान स्वतंत्र महाविद्यालयांचा समूह करावा आणि ग्रंथालयासारख्या महागड्या सोयी सामाईक ठेवाव्यात, असे तेथील धुरिणांनी ठरविले. १९२५ मध्ये त्या समूहाची रचना झाली. आज तेथे सात संस्था शेजारी शेजारी आहेत. प्रत्येकीचा कारभार स्वतंत्र. परंतु ग्रंथालय, आरोग्यसेवा, सुरक्षा यांसाठी एक वेगळी सेवासंस्था आहे आणि तिचा खर्च सर्व जणी ठरलेल्या सूत्राने उचलतात. सामाईक गोष्टींना तेथे स्वतःचे कार्यालय आणि स्वतःचे अंदाजपत्रक आहे, हे त्यांच्या टिकण्याचे कारण आम्हांस वाटते.

मुंबईत माटुंग्याला शिक्षण प्रसारक मंडळीची रुईया आणि पोदार ही महाविद्यालये अनुक्रमे १९३७ आणि १९४१ पासून शेजारी नांदत आहेत. २०१९ मध्ये मुंबईतील एल्फिन्स्टन, सिडनहॅम, शासकीय विज्ञान संस्था आणि अध्यापक महाविद्यालय यांना एकत्र आणून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ हे समूह विद्यापीठ स्थापन झाले. सोयी एकमेकांत वापरण्याचा विचार शासनही आता पुढे नेत आहे. परंतु मोठ्या शहरातील समृद्ध संस्थेला जे सहज जमते, ते लोकवर्गणीवर उभ्या असलेल्या संस्थेला नियमाशिवाय जमणार नाही. श्रीमंत घरात भांडण झाले तर दोन चुली पेटतात. गरीब घरात एकच चूल असते, ती विझते.

आपल्यासाठी काही सूचना

आपल्या आवारात उद्या दुसरी संस्था आली, तर पुढील गोष्टी पहिल्या प्रवेशापूर्वी लेखी ठराव्यात, असे आम्ही नम्रपणे सुचवितो.

एक, अविभाज्य वस्तूंची यादी करावी. जमीन, विहीर, क्रीडांगण, ग्रंथालय, विहार, सभागृह, स्वयंपाकगृह आणि झाडे ही कोणत्याही एका संस्थेच्या नावे कधीही केली जाणार नाहीत, असा ठराव विश्वस्त मंडळाने करावा.

दोन, सामाईक खर्चासाठी स्वतंत्र बँक खाते आणि स्वतंत्र कीर्द असावी. दोन्ही संस्थांचे मुख्याध्यापक-प्राचार्य, एक विश्वस्त, एक पालक आणि एक माजी विद्यार्थी अशा पाच जणांची समिती तिचा कारभार पाहील.

तीन, वर दिलेल्या चार मापांनी वाटणी व्हावी आणि दर तीन वर्षांनी तिचा फेरविचार व्हावा. वीज व पाण्याचे उपमीटर बांधकामाच्या वेळीच बसवावेत; नंतर ते बसविणे महाग पडते आणि मनेही दुखावतात.

चार, शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांच्या वाट्याची वसुली रक्कम प्रत्यक्ष जमा होईपर्यंत लांबविण्याची तरतूद असावी. त्या कारणाने कोणत्याही मुलाचे पाणी, जेवण वा पुस्तक बंद होणार नाही.

पाच, ग्रंथालय एकच असावे. शाळेची आणि महाविद्यालयाची पुस्तके वेगळ्या दाखलनोंदवहीत नोंदवावीत. म्हणजे लेखापरीक्षकाचे समाधान होईल. पण वाचनकक्ष एक राहावा. नववीतल्या मुलाने बारावीतल्या मुलीला स्पर्धा परीक्षेची तयारी करताना पाहावे, ही शाळेने देण्याजोगी फार मोठी गोष्ट आहे.

सहा, राखीव निधीला अक्षयनीविचे रूप द्यावे. मूळ रकमेला हात लावायचा नाही, व्याजातूनच डागडुजी करायची.

माजी विद्यार्थ्यांना येथे एक विशेष विनंती करावीशी वाटते. आपण नोकरीला लागलात, स्थिरस्थावर झालात की शाळेला काही द्यावे असे आपणांस वाटते आणि आपण देता. बहुधा ती देणगी एखाद्या खोलीसाठी, कमानीसाठी किंवा पुतळ्याच्या चौथऱ्यासाठी असते. त्या देणग्यांबद्दल कृतज्ञता आहेच. परंतु दहा माजी विद्यार्थ्यांनी मिळून पहारेकऱ्याच्या वर्षभराच्या पगाराइतके व्याज देणारी ठेव ठेवली, तर तिचे मोल एखाद्या खोलीपेक्षा कमी नाही. त्या ठेवीची पाटी भिंतीवर लागणार नाही. लेखापरीक्षणाच्या अहवालात एक ओळ येईल.

पालकांनाही एक सांगणे आहे. पालकसभेत निकालाची चौकशी होते, जेवणाची होते. त्याबरोबर वार्षिक हिशेबाचीही व्हावी. हिशेब विचारणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. बाबासाहेबांचा पहिला विषय अर्थशास्त्र होता. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला सादर केलेला रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यांच्या अनुयायांच्या संस्थेत जमाखर्चाला कमी लेखले जाऊ नये.

समाजाने कष्टाने मिळविलेली जमीन आणि वर्गणीतून उभ्या केलेल्या इमारती आपसातील कलहाने ओस पडू नयेत, एवढीच या लेखामागील तळमळ आहे. कुटुंबात दोन भाऊ वेगळे निघाले तरी आडाचे पाणी दोघे भरतात आणि आडातला गाळ दोघे मिळून काढतात, ही आपल्या गावांची रीत आहे. गाळ कोणत्या महिन्यात काढायचा आणि दोर कोणी आणायचा, एवढे आधी ठरलेले असते. आपल्या आवारात येणाऱ्या दुसऱ्या संस्थेचे स्वागत करताना तेवढे आपणही ठरवून ठेवू या.